प्राध्यापकांची शाळा : हैदराबाद, १९१७ पासून

दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या थोरल्या वहिनींनी एक फाईल माझ्यापुढे ठेवली. "भाऊजी, तुम्हाला जुने कागद लागतात ना? बघा, कामाचे असतील तर." वहिनींनी हैदराबादेतल्या एका कॉलेजात ३३ वर्षं मराठी शिकवलं. फाईलमध्ये तीन प्रमाणपत्रं, १९९३ चा एक ग्रुप फोटो आणि एक चाळीस पानी वही. प्रमाणपत्रांपैकी एक ओरिएंटेशनचं, दोन रिफ्रेशर कोर्सची. मी सहज विचारलं, "हे कोर्स व्हायच्या आधी शिकवायला कुणी शिकवलं होतं?"

"कुणी नाही. उन्हाळ्यात एम.ए.चा निकाल लागला आणि जुलैत वर्गावर गेले. आमचे सर जसे उभे राहायचे तशी उभी राहिले."

मी कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. आमच्याकडे लेथवर पोराला एकटं सोडायच्या आधी त्याची अप्रेंटिसशिप होते, त्याला १९६१ चा कायदाही आहे. शाळेतल्या बाईंना बी.एड. लागतं. कॉलेजात भाषा किंवा इतिहास शिकवणाऱ्याला मात्र विषय येतो म्हणजे शिकवता येतं, असं आपण धरून चालतो. या समजुतीला धक्का देणारी कामं आपल्याच शहरात झाली आहेत, म्हणून हा लेख.

सुरुवात उस्मानियापासून करावी लागते. १९१७ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं आणि १९१८ मध्ये विद्यापीठ उभं राहिलं. माध्यम उर्दू, इंग्रजी सक्तीचा विषय. उच्च शिक्षणाची उर्दू पुस्तकंच नव्हती, म्हणून १९१७ मध्येच दारुल-तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं खातं, सुरू झालं. मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. पारिभाषिक शब्द ठरवायच्या समित्यांवर विषयाचे जाणकार आणि भाषेचे पंडित शेजारी-शेजारी बसत. उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी तर शब्द घडवायच्या रीतीवर १९२१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. याला कुणी प्रशिक्षण म्हटलं नाही. पण एकेका शब्दासाठी भांडावं लागलं की तो शब्द विद्यार्थ्याला कसा लागेल याचा विचार करावाच लागतो, असं माझं मत आहे. (मराठवाड्यातून येणाऱ्या आपल्या मुलांना हे उर्दू माध्यम किती जड गेलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो कुणीतरी लिहायला हवा.) १९४८ नंतर माध्यम बदलून इंग्रजी झालं आणि ती सगळी मेहनत ग्रंथालयाच्या कपाटात गेली.

दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच उस्मानियाच्या शेजारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. केंद्र सरकारची संस्था, फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटिश कौन्सिलची मदत. अलाहाबादला त्याआधीच असं एक केंद्र निघालं होतं, पण देशभरच्या शिक्षकांसाठी केंद्राची संस्था म्हणून मान हैदराबादचा. पुढच्याच वर्षी संचालक म्हणून विनायक कृष्ण गोकाक आले. कन्नडचे मोठे कवी, पण आपल्याला परके नाहीत: पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. १९६६ पर्यंत ते इथे होते.

या संस्थेचं वेगळेपण असं की इथले विद्यार्थी स्वतः शिक्षक होते. कॉलेजात शेक्सपिअर शिकवणारी माणसं काही महिन्यांसाठी इथे राहायला यायची आणि बाकावर बसायची. साहित्य त्यांना येतच होतं. इथे त्यांना स्वतःचा उच्चार ऐकायला, भाषेचे ध्वनी ओळखायला आणि वर्ग कसा घ्यायचा याचा विचार करायला लावत. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला स्वतःचा आवाज टेपवर ऐकणं सोपं नसतं. मराठी माणसाचंच बघा. इंग्रजीत ज्या दोन अक्षरांचे दोन वेगळे ध्वनी आहेत, ते आपण लिहिताना 'व' आणि 'व्ह' असे वेगळे करतो, पण बोलताना पुष्कळदा एकच करून टाकतो. ही चूक आळसाची नसून मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून येते, हे एकदा कळलं की विद्यार्थ्यावर रागावणं बंद होतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मोजमापाची. भारतीय माणसाचं इंग्रजी ऐकणाऱ्याला किती समजतं, हे संस्थेतल्या आर. के. बन्सल यांनी ध्वनिमुद्रणं ऐकवून तपासलं आणि १९६९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शब्दातला आघात चुकीच्या जागी पडला की ऐकणारा अडखळतो, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. आधी मोजा, मग दुरुस्त करा, हे आमच्या धंद्यातलं सूत्र भाषेच्या प्राध्यापकांनी वापरलेलं पाहून बरं वाटलं. १९७२ मध्ये संस्थेच्या नावात परकीय भाषाही आल्या, पुढच्या वर्षी तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २००७ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे.

इंग्रजीसाठी हे झालं. मराठीसाठी?

गंमत म्हणजे त्याच १९५८ साली, २३ ऑगस्टला, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नवी कॉलेजं निघाली, मराठीचे विभाग निघाले, प्राध्यापक नेमले गेले. त्यांना तारनाक्यासारखी जागा कुठेच नव्हती. १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान निघालं आणि त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आलं. तिथला दहा महिन्यांचा अभ्यासक्रम चांगलाच होता, पण तो मराठी नव्याने शिकणाऱ्या परप्रांतीय शाळाशिक्षकांचा. वहिनींचा प्रश्न निराळा होता. त्यांच्यासमोर बसलेली मुलं घरी मराठी बोलणारी, पण शाळा तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमातली. अशांना ज्ञानेश्वरी कशी शिकवायची? मराठी त्यांना परभाषा नाही आणि पुण्याच्या मुलांसारखी सरावाचीही नाही. आपल्यासारख्या प्रत्येक शहरातला हा प्रश्न आहे, बडोद्याचाही आणि इंदूरचाही.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालातच नव्या अधिव्याख्यात्यांना पूर्वतयारी द्यावी आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी स्टाफ कॉलेज काढावं असं सुचवलं होतं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. ती सूचना वीस वर्षं पडून राहिली. (इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी १९७० मध्येच वेगळा कार्यक्रम निघाला होता. मानव्यविद्यांची घाई कुणालाच नसते.) १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर युजीसीने अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. इथे उस्मानियात आणि हैदराबाद विद्यापीठात, तशीच इंदूरला आणि गोव्यातही. पुढे ठरलेलं माप असं: ओरिएंटेशन २४ दिवस, १४४ तास, रिफ्रेशर १८ दिवस, १०८ तास.

पण याच सुमारास एक अट आली. १९८७ च्या देशव्यापी संपानंतर जी वेतनश्रेणी लागू झाली, तिच्यात सीनियर स्केलसाठी आठ वर्षं नोकरी आणि सुमारे चार आठवड्यांचे दोन कोर्स लागत. कोर्स पगाराला बांधला गेला. त्यामुळे माणसं आली हे खरं, नाहीतर निम्मी फिरकली नसती. पण हजेरीपट हीच मुख्य गोष्ट झाली.

वहिनींच्या १९९३ च्या रिफ्रेशरला तेलुगू, हिंदी, उर्दू, कन्नड आणि मराठीचे शिक्षक एकत्र होते, कारण एकट्या मराठीचे पुरेसे जमत नव्हते. व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत, उत्तर-आधुनिकतेवर. "एकानेही मला वर्ग घेताना पाहिलं नाही," वहिनी म्हणाल्या. "शिकले ते चहाच्या वेळी." ते सगळं त्या वहीत आहे. तेलुगूचे एक सर नवी कविता पुस्तक मिटवून तीनदा ऐकवत आणि मगच अर्थ विचारत. उर्दूच्या एक बाई वर्गात बैतबाजी घेत. वहिनींनी परत आल्यावर त्याच्या भेंड्या केल्या, फक्त नियम असा की उत्तर त्याच वृत्तात हवं. आर्या कशाला म्हणतात हे त्यांच्या मुलांना पुस्तकातलं लक्षण न पाठ करता कळलं. पुढच्या पानांवर कुठल्या बॅचला काय जमलं, काय फसलं, याच्या तारीखवार नोंदी आहेत. शेवटची नोंद २०१९ ची.

स्टाफ कॉलेजांची नावं दरम्यान दोनदा बदलली, २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, आता ती मालवीय मिशनची केंद्रं आहेत. बरेच कोर्स पडद्यावर होतात. त्यात चहाची सुट्टी असते, पण प्रत्येकाची आपापल्या घरी.

वहिनी निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. वही मी मंडळात स्कॅन करून ठेवली आहे. सभासदांच्या घरी कुणी भाषेचे किंवा इतिहासाचे प्राध्यापक असतील, तर प्रमाणपत्रं राहू द्या, अशा वह्या असल्या तर घेऊन या. पुढच्या बैठकीला वहिनी स्वतः येणार आहेत, भेंड्या घ्यायला.