काठी, पत्रा आणि हौदा: मोटारीवरील हॅम अँटेनाचा इतिहास (थ्रेड)

१/
अमेरिकेत पिकअप ट्रक घेणारा हॅम, म्हणजेच परवानाधारक हौशी रेडिओचालक, गाडी दारात येताच एका प्रश्नापाशी अडतो: अँटेना कोणता घ्यावा आणि तो कुठे बसवावा? पैसा आणि विचार बहुधा काठीवरच खर्च होतो. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की काठी हा अँटेनाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग म्हणजे खुद्द गाडी. हे ज्ञान कसे मिळाले, ते वारंवार का विसरले गेले आणि पिकअपच्या बाबतीत ते एवढे नाजूक का ठरते, त्याचा हा धागा.

२/
आरंभ १९०१ सालचा, इंग्लंडमधला. गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेवर चालणाऱ्या गाडीत बिनतारी यंत्रणा बसवली. गाडीच्या टपावर सहा-सात मीटर उंचीचे धातूचे नळकांडे होते. प्रवासात ते आडवे करून ठेवता येई आणि संदेश पाठवताना उभे करता येई. आज या गाडीचे छायाचित्र पाहताना नजर त्या अवाढव्य नळकांड्यावरच खिळते. परंतु खरा धडा टपावर नव्हता, तो चाकांच्या आसपास होता.

३/
मार्कोनींच्या स्थिर केंद्रांत यंत्राचे एक टोक उंच तारेला आणि दुसरे जमिनीला जोडलेले असे. धावत्या गाडीला जमिनीशी कसे जोडायचे? त्यांनी प्रथम तारेच्या जाळीची पट्टी जमिनीवर अंथरली. ती ओढत नेल्यास गाडी चालू असतानाही संदेशवहन शक्य होते. पुढे त्यांना आढळले की जाळीची गरजच नाही. गाडीचा लोखंडी बॉयलर तेच काम तितक्याच चांगल्या रीतीने करतो. गाडीचा धातू जमिनीची जागा घेऊ शकतो, हे त्याच वर्षी त्यांनी जाहीर व्याख्यानात सांगितले.

४/
यामागचे शास्त्र थोडक्यात असे. मीटरमधील तरंगलांबी काढण्यासाठी ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. उभ्या काठीची लांबी तरंगलांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश असली की ती त्या वारंवारतेशी जुळते. १४६ मेगाहर्ट्झसाठी ही लांबी जेमतेम अर्धा मीटर होते, २८ मेगाहर्ट्झसाठी सुमारे अडीच मीटर, तर ७ मेगाहर्ट्झसाठी दहा मीटरहून अधिक. पहिली काठी टपावर सहज मावते, दुसरी कशीबशी मावते आणि तिसरी कोणत्याही रस्त्यावर चालण्याजोगी नसते.

५/
मात्र काठीत जेवढा विद्युतप्रवाह वर जातो, तेवढाच दुसऱ्या बाजूने कुठेतरी वाहावा लागतो. त्यासाठी काठीच्या पायथ्याशी पसरलेला वाहक पृष्ठभाग हवा. आरसीए कंपनीच्या ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन या अभियंत्यांनी १९३७ साली या विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. पायथ्यापासून चोहीकडे जमिनीत पुरलेल्या तारांची संख्या वाढवावी, तशी अँटेनाची कार्यक्षमता वाढते, असे त्यांना दिसले. पुढे नभोवाणी केंद्रांत अशा १२० तारा पुरणे हा जणू प्रमाण संकेत झाला. मोटार एवढ्या तारा घेऊन फिरू शकत नाही. तिच्यापाशी असतो तो केवळ पत्रा.

६/
गंमत अशी की त्या सुमाराच्या मोटारउद्योगाला हाच पत्रा अडचणीचा वाटत होता. १९३० साली गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला. तेव्हाच्या पुष्कळ मोटारींचे छप्पर पूर्ण धातूचे नसे. लाकडी चौकटीवर कापड ताणलेले असे आणि त्या कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी घातली की एरियल तयार होई. १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणले आणि ही सोय संपली.

७/
पोलादाच्या आत दडवलेल्या तारेपर्यंत रेडिओलहरी पोचेनात. काही काळ पायफळीखाली एरियल बसवण्याचे प्रयोग झाले. तिथे चिखल आणि दगड यांचा मारा होई. अखेर बॉनेटच्या कडेला उभी काठी आली आणि तीच रूढ झाली. श्रोत्यांच्या दृष्टीने पोलादी छप्पर हा अडथळाच होता. ज्यांना गाडीतून प्रक्षेपण करायचे होते, त्यांच्यासाठी मात्र तेच छप्पर पुढे वरदान ठरणार होते.

८/
एप्रिल १९२८मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून नियमित सूचना देण्यास प्रारंभ केला. ही सोय एकतर्फी होती: गाडी ऐकू शके, बोलू शकत नसे. १९३३मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन शहराच्या पोलीस गाड्या दुतर्फा बोलू लागल्या. केवळ ऐकायचे असेल तर सुमार एरियलही चालून जाते, कारण मुख्यालयाचे प्रक्षेपक प्रबळ असते. गाडीतल्या दुबळ्या प्रक्षेपकाला ती चैन परवडत नाही. अँटेना कुठे बसवावा हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला.

९/
अमेरिका डिसेंबर १९४१मध्ये युद्धात उतरली आणि हौशी प्रक्षेपणावर बंदी आली. परवाने घरी राहिले, परवानाधारकांपैकी अनेक जण सैन्याच्या संदेशवहन शाखेत गेले. जीप आणि रणगाडे यांवरील लवचीक, जोडकामाच्या काठ्या त्यांनी रोज हाताळल्या. नोव्हेंबर १९४५मध्ये हौशी प्रक्षेपणाला पुन्हा मुभा मिळू लागली, तेव्हा बाजारात सैन्याच्या शिल्लक साहित्याचा महापूर आला होता. विमानांतील लहान रेडिओसंच स्वस्तात मिळत. ते खाजगी मोटारीत बसवणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती.

१०/
अडचण दूरच्या संपर्काची होती. त्यासाठी कमी वारंवारता लागते आणि तिची काठी फार लांब असते. उपाय म्हणजे आखूड काठीत तारेचे वेटोळे, म्हणजेच कॉइल, घालून विद्युतदृष्ट्या तिची लांबी भरून काढणे. पण निसर्ग याची किंमत वसूल करतो. ३.८ मेगाहर्ट्झवर अडीच मीटरच्या काठीचा उत्सर्जन-रोध, म्हणजे ऊर्जा प्रत्यक्ष लहरींत रूपांतरित करणारा भाग, अर्ध्या ओहमच्याही आत भरतो. गाडी आणि जमीन यांतील निष्फळ रोध दहा ओहम धरला, तर १०० वॅटपैकी चारेक वॅटच आकाशात जातात. बाकीच्या शक्तीची केवळ उष्णता होते.

११/
म्हणून कॉइलची जागा हा हौशी मंडळींच्या वादाचा कायमचा विषय झाला. पायथ्याशी कॉइल असेल तर रचना मजबूत राहते. ती काठीच्या मध्यावर नेली तर उत्सर्जन-रोध सुमारे दुपटीपर्यंत वाढू शकतो, पण कॉइल मोठी लागते आणि वाऱ्याचा ताण वाढतो. वारंवारता बदलताना खाली उतरून कॉइलची जुळणी बदलण्याचा त्रास वेगळाच. डॉन जॉन्सन (डब्ल्यू६एएक्यू) या हॅमने लोकप्रिय केलेल्या रचनेत विजेवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची छोटी मोटर कॉइल वरखाली सरकवते. आजही त्या प्रकाराला ‘स्क्रूड्रायव्हर अँटेना’ म्हणतात. अर्थात निष्फळ रोध कमी केला नाही, तर कोणतीही कॉइल हरते.

१२/
१९७०च्या दशकात डोंगरमाथ्यांवर पुनःप्रक्षेपक केंद्रे, म्हणजेच रिपीटर, झपाट्याने वाढली आणि १४४ ते १४८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोटारींतून गजबजू लागला. इथे अर्ध्या मीटरची काठी आणि तिच्याखाली चोहीकडे पसरलेला पोलादी टप अशी जवळपास आदर्श जोडी जमली. मोटोरोलाने रूढ केलेल्या ‘एनएमओ’ माउंटसाठी टपाला पाऊण इंचाचे, म्हणजे १९ मिलिमीटरचे छिद्र पाडावे लागते. नव्या गाडीच्या टपावर ड्रिल टेकवताना भल्याभल्यांचे हात थरथरतात. परंतु विद्युतदृष्ट्या टपाच्या मध्याइतकी चांगली जागा गाडीवर दुसरी नाही.

१३/
येथे पिकअपची जन्मकथा आड येते. फोर्डने १९२५ साली मॉडेल टीच्या दोन आसनी गाडीमागे पोलादी पेटी जोडून कारखान्यातच तयार झालेली पिकअप विकायला काढली. बैठकीचा भाग एक, मालाचा हौदा दुसरा आणि दोन्ही एकाच चासीवर स्वार, ही रचना अमेरिकी पिकअपमध्ये आजही टिकून आहे. १९६१मध्ये फोर्डने केबिन आणि हौदा एकसंध करून पाहिले; काही वर्षांतच तो प्रयोग सोडून द्यावा लागला. ओझ्याखाली चासी पीळ खाते, म्हणून दोन्ही भाग वेगळे राहणेच सोयीचे होते.

१४/
याचा परिणाम अँटेनावर होतो. केबिन रबराच्या बैठकींवर टेकलेली असते आणि हौदा बोल्टने चासीला जोडलेला असला तरी मध्ये रंग आणि गंज असतोच. डोळ्यांना एक दिसणारी गाडी रेडिओलहरींना दोन-तीन तुकड्यांची दिसते. हौद्याच्या कडेला भक्कम माउंट लावून लांब काठी उभी केली, तर तिच्या वाट्याला फक्त हौद्याचा पत्रा येतो. म्हणून जाणकार हॅम हौदा, चासी, केबिन आणि बॉनेट यांना विणलेल्या तांब्याच्या रुंद, आखूड पट्ट्यांनी जोडतात. हे काम ‘बाँडिंग’ म्हणून ओळखले जाते. मार्कोनींना एक सलग बॉयलर आयता मिळाला होता. पिकअपमालकाला तो तुकड्यांतून घडवावा लागतो.

१५/
गाडीचा पदार्थ बदलला की प्रश्न नव्याने उभा राहतो. १९५३च्या शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची होती. तिथे पुन्हा कापडी छपराचा काळ अवतरला: रेडिओचा एरियल थेट डिकीच्या झाकणात, फायबरग्लासच्या थरांमध्ये दडवला गेला. २०१५च्या मॉडेलपासून फोर्ड एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनियम मिश्रधातूची झाली. चुंबकी माउंट तिच्यावर चिकटेनासे झाले. ॲल्युमिनियम उत्तम वाहक आहे, त्यामुळे छिद्र पाडून बसवलेला अँटेना तिथे चांगलेच काम करतो. मात्र तांबे किंवा पोलाद ॲल्युमिनियमला ओलाव्यात टेकले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून सांधा पाण्यापासून जपावा लागतो.

१६/
पोलादी टपावरही चुंबकी माउंटला मर्यादा आहे. त्याचा पत्र्याशी थेट स्पर्श होत नाही, मध्ये रंगाचा थर असतो. माउंट आणि पत्रा मिळून एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, तयार होते. १४६ मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला ते सहज वाट देते, ३.८ किंवा ७ मेगाहर्ट्झला तेच अडवते. एकाच माउंटबद्दल एक हॅम समाधानी आणि दुसरा निराश का असतो, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. दोघांचेही अनुभव खरे असतात, त्यांचे पट्टे निराळे असतात.

१७/
बाँडिंगचा आणखी एक लाभ आहे. मार्कोनींचे पहिले प्रक्षेपक ठिणगीवर चालत आणि पेट्रोल इंजिनही ठिणगीवरच चालते. म्हणजे प्रत्येक पेट्रोल गाडी स्वतःही एक लहानसे, बेशिस्त प्रक्षेपक असते. सायलेन्सरची नळी आणि बॉनेट हे भाग चासीशी नीट जोडलेले नसतील, तर तेच या गोंगाटाचे अँटेना बनतात. त्यांना जागोजागी जोडले की खरखर बरीच कमी होते. ज्या पट्ट्या आवाज दूरवर पोचवतात, त्याच दूरचा क्षीण आवाज ऐकूही देतात.

१८/
तेव्हा निवड काठीपासून नव्हे, वारंवारतेपासून सुरू करावी. शहर-परिसरातल्या संभाषणासाठी टपाच्या मध्यावरील अर्ध्या मीटरची काठी पुरते. दूरच्या संपर्कासाठी हौद्याच्या कडेला मध्यावर कॉइल असलेली काठी आणि चौफेर बाँडिंग हवे. टपाला छिद्र पाडण्यापूर्वी अस्तरामागच्या एअरबॅग आणि तारा कुठे आहेत ते पाहावे. वीज थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज घालून घ्यावी. चासीपासून नव्हे, जमिनीपासून एकूण उंची मोजावी. विजेच्या तारेला काठी लागणे जिवावर बेतू शकते.

१९/
हा खटाटोप छंदापुरता नाही. ऑगस्ट २००५च्या कॅटरिना वादळात अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर वीज, टेलिफोन आणि मोबाइल मनोरे एकाच वेळी कोलमडले. तेव्हा निरोप पोचवण्याच्या कामात हॅम उतरले. अशा प्रसंगी मोटारीचे मोल कळते: तिच्यापाशी स्वतःचे इंजिन असते, स्वतःची बॅटरी असते आणि ती पूर ओसरलेल्या रस्त्याने पुढे सरकू शकते. मदत मागणारा निरोप शंभरातल्या चार वॅटांवर जाईल की वीस वॅटांवर, हे मात्र वादळाच्या दिवशी ठरत नाही. ते कित्येक महिने आधी, गाडीखाली आडवे पडून, रंग खरवडून पट्टी घट्ट आवळणाऱ्या हाताने ठरवलेले असते.

(समाप्त)