फोर्टातली विहीर, १९११

गणपती नुकतेच गेलेत. मुंबईच्या फोर्टात एका पारशी मालकिणीच्या घरात तुम्ही तळमजल्यावरचे भाडेकरू आहात. विजेवरची शेवटची ट्राम घंटा वाजवत गेली. उकाड्यानं खिडकी सताड उघडी, मच्छरदाणी घ्यायची तर कारकुनाच्या पगारात बसत नाही. शेजारच्या खोलीत दुसऱ्या भाडेकरूचा मुलगा झोपलाय. त्याला पाळीचा ताप आहे: एक दिवस कुडकुडतो, दुसऱ्या दिवशी अंगणात गोट्या खेळतो. आज गोट्यांचा दिवस होता, म्हणून घरचे निर्धास्त.

मध्यरात्रीनंतर त्याच्या दंडावर अ‍ॅनोफिलीस जातीची एक मादी बसते. डोकं खाली, बूड वर, टाचणी तिरपी टोचावी तशी. तिला अंडी घालायची आहेत आणि त्यासाठी रक्त हवं आहे. नराला ते लागत नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. त्या रक्ताबरोबर हिवतापाचे परजीवी तिच्या पोटात उतरतात आणि जठराच्या भिंतीत गाठी धरतात. अशाच गाठी, त्यांतल्या काळ्या कणांसकट, रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या.

दहा-बारा दिवस पुढं या. बहुतेक डास इतके जगतच नाहीत. ही जगली. गाठी फुटल्या, त्यांतले हजारो बारीक धागे तिच्या लाळग्रंथीत जाऊन बसले. आज तिला तुमचा घोटा सापडतो. रक्त साकळू नये म्हणून ती आधी लाळ सोडते आणि त्या लाळेतून परजीवी तुमच्यात येतात. तासाभरात ते यकृतात पोचलेलेही असतात. तुम्ही झोपेतच घोटा खाजवता आणि कूस बदलता.

पुढं जवळजवळ दोन आठवडे काहीच घडत नाही. मला विचाराल तर या रोगाची सगळी हुशारी या रिकाम्या दिवसांत आहे. ते सरले की एका दुपारी कचेरीत दात वाजू लागतात, दोन घोंगड्या पांघरूनही थंडी जात नाही, मग अंग भाजून निघतं आणि शेवटी घामाच्या धारा लागतात. तेव्हा तुम्ही गटाराच्या वासाला बोल लावता, रात्रीच्या वाऱ्याला लावता. घोट्याची आठवण कशाला होईल?

एका सकाळी म्युनिसिपालिटीचा माणूस येतो. मुंबईतल्या हिवतापावरचा डॉ. बेंटलींचा अहवाल यंदाच निघालाय, त्यात बोट ठेवलंय ते विहिरींवर. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं आलं, १८९२ मध्ये तानसाचं आलं, तरी अंगणातल्या विहिरी राहिल्याच. तो डोलानं पाणी काढून पांढऱ्या थाळीत ओततो. नितळ, पिण्याजोगं पाणी, आणि त्यात पृष्ठभागाशी आडव्या पडलेल्या अळ्या. घाणीत ही जात वाढत नाही, तिला असंच पाणी लागतं.

मालकीण भडकते. या विहिरीवर तिच्या आजेसासूपासून दिवा लागतो, फुलं वाहिली जातात. आणि म्हणे हिच्यातून ताप येतो!

“यातल्या कुठल्या किड्यात ताप आहे, दाखव मला.”

“एकातही नाही, मायजी. विहिरीतून उडतात तेव्हा सगळे कोरेच असतात. ताप त्यांना माणसाकडून मिळतो. घरात सध्या आजारी कोण कोण?”

ती तुमच्याकडे बघते, मग शेजारच्या खोलीकडे. नावं सांगते. तो वहीत लिहून घेतो, विहिरीवर झाकण बसवायला सांगतो आणि दोघांनाही क्विनाईन घ्यायला बजावतो. ते महाकडू असतं, पोरगा थुंकून टाकणार, हे त्यालाही ठाऊक आहे.

“पण झाकण पक्कं बसवणार नाही मी,” मालकीण म्हणते. “दिव्यापुरतं दार ठेव.”

“जाळीचं ठेवतो. बारीक जाळीचं.”

किती बारीक, यावरून दोघांचं पुन्हा जुंपतं.