हिमवर्षावातले शेतघर आणि एक सूक्ष्मदर्शक

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हरमाँट नावाचे लहानसे डोंगराळ राज्य आहे. तेथील जेरिको या गावाजवळच्या एका शेतघरात ९ फेब्रुवारी १८६५ रोजी विल्सन बेंटली याचा जन्म झाला. २३ डिसेंबर १९३१ रोजी त्याचा मृत्यू झाला, तोही याच घरात. मधल्या सहासष्ट वर्षांत त्याने शेती केली, गाई सांभाळल्या आणि हिमकणांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. हिमकणाची जी सहा फांद्यांची आकृती आज आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि शुभेच्छापत्रांवर दिसते, ती जगाच्या नजरेत भरली ती मुख्यतः या शेतकऱ्यामुळे.

बेंटलीजवळ पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, अनुदानही नव्हते. मग हे काम झाले कसे? आणि त्याने जगाला जे दाखवले, ते कितपत खरे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्या काळच्या शेतघरातला हिवाळा कसा जात असे, हे आधी पाहावे लागेल.

हिवाळ्याची तयारी

जेरिकोच्या परिसरात एका हिवाळ्यात एकंदर तीन मीटरच्या आसपास हिम पडते. पारा शून्याखाली जातो आणि अनेक आठवडे तिथेच राहतो. अशा ठिकाणी हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होई. गवत कापून, वाळवून गोठ्याच्या माळ्यावर रचायचे. सरपण आदल्या वर्षीच तोडून ठेवायचे, कारण ओले लाकूड जाळले तर बरीच उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच जाते. थंडी पडू लागली की घराच्या पायाभोवती पालापाचोळा, भुसा किंवा सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रचल्या जात. पुढे त्यावर हिम साठे आणि घराला जणू गोधडी मिळे.

हिमाने घर उबदार राहते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्यामागचे कारण साधे आहे. ताज्या हिमाच्या आकारमानात सुमारे नव्वद टक्के हवाच असते. स्फटिकांच्या फांद्यांमध्ये अडकलेली ही हवा हलू शकत नाही आणि स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असते. लोकर किंवा कापसाची दुलई याच तत्त्वावर काम करते.

थंडी वाढली की दिवाणखाना बंद होई आणि सारे घर स्वयंपाकघरात गोळा होई. तिथल्या लोखंडी चुलीवर स्वयंपाक होई, पाणी तापे, ओले मोजे वाळत आणि मुले अभ्यासाला बसत. पहाटे कंदील घेऊन गोठ्यात जायचे. बऱ्याच गाई हिवाळ्यात आटत. ज्या दुभत्या असत त्यांच्या धारा काढायच्या, सर्वांना चारा-पाणी द्यायचे, शेण काढायचे. रस्त्यावरचे हिम उपसून टाकत नसत. घोड्यांनी ओढलेला प्रचंड लाकडी रूळ फिरवून ते दाबून घट्ट करीत, कारण चाकांच्या गाड्या बंद झालेल्या असत आणि घसरगाड्यांना हिमच हवे असे. जंगलातले ओंडके वाहून आणण्याचा मोसमही हाच. तळ्यावरचा बर्फ करवतीने कापून भुशात पुरून ठेवीत, म्हणजे उन्हाळ्यात दूध थंड ठेवायला तो उपयोगी पडे.

हिवाळा सरता सरता, रात्री गोठण आणि दिवसा ऊब असे दिवस आले की मेपलच्या झाडांना भोके पाडून रस गोळा करीत. हा रस पाण्यासारखा पातळ असतो. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा काकवीसारखा एक लिटर पाक मिळतो. शेतघरामागची ती झोपडी म्हणजे थेट आपले गुऱ्हाळच!

तळघरातला पाण्याचा टब

बटाटे, सफरचंदे, गाजरे तळघरात ठेवलेली असत. ती गोठली तर कुटुंबाचे वर्षभराचे अन्न नासणार. कडाक्याच्या रात्री शेतकरी तळघरात पाण्याने भरलेला टब ठेवीत. सकाळी टबातल्या पाण्यावर बर्फ दिसे, बटाटे मात्र शाबूत असत.

या युक्तीत वर्गात शिकवण्याजोगे भौतिकशास्त्र आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. टबात पन्नास लिटर पाणी असेल आणि ते सारे गोठले, तर चाळीस लाख कॅलरी, म्हणजे साधारण किलोभर कोरडे लाकूड जाळल्यावर मिळते तेवढी उष्णता तळघराला मिळते. शिवाय बटाट्यातल्या रसात साखर व क्षार विरघळलेले असल्याने तो शून्याच्या थोडा खाली गोठतो. पाणी शून्यालाच गोठू लागते आणि जोवर ते गोठत असते, तोवर तळघराचे तापमान फारसे खाली घसरत नाही. सुप्त उष्णतेची व्याख्या न शिकताही गृहिणीला तिचा उपयोग ठाऊक होता.

पण पाणी गोठताना जे रूप घेते, त्याकडे पाहायला मात्र कोणाला सवड नव्हती.

आईचा सूक्ष्मदर्शक

बेंटलीची आई लग्नापूर्वी शाळेत शिकवीत असे. चौदा वर्षांचा होईपर्यंत विल्सनला तिनेच घरी शिकवले. तिच्या शिक्षकी दिवसांतला एक जुना सूक्ष्मदर्शक घरात होता. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा तो तिने त्याच्या हाती दिला. हिमाचा एक कण भिंगाखाली पाहिल्यावर विल्सनला दुसरे काही सुचेना. तीन हिवाळे त्याने दिसेल ते कागदावर रेखाटण्याचा प्रयत्न केला. शेकडो चित्रे झाली, पण चित्र पुरे होण्याआधी स्फटिक वितळून किंवा विरून जाई.

छायाचित्राने हे काम होईल असे त्याला वाटले. कॅमेरा आणि चांगला सूक्ष्मदर्शक मिळून किंमत होती सुमारे शंभर डॉलर. डोंगरातल्या शेतकऱ्याला ही रक्कम फार मोठी होती. हिमाच्या कणांपायी एवढे पैसे घालणे वडिलांना खुळेपणाचे वाटत होते आणि हे मत त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही, असे बेंटलीनेच पुढे सांगितले. तरीही त्यांनी पैसे दिले.

उपकरण आल्यावरही वर्षभर अपयशच आले. चित्रे धूसर येत. अखेर भिंगासमोरचे छिद्र अगदी बारीक केले तर रेषा स्पष्ट येतात, हे त्याच्या ध्यानात आले. बारीक छिद्रातून प्रकाश कमी येतो, म्हणून काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागे. लांबलचक कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिल्यावर सूक्ष्मदर्शकाच्या चकतीपर्यंत हात पोचत नसे. त्यासाठी त्याने दोरी आणि चाकांची जोडणी केली. १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचे पहिले स्पष्ट छायाचित्र मिळाले. तो अजून वीस वर्षांचाही झाला नव्हता.

कामाची खोली घरातच होती, पण तिथे शेगडी नव्हती. असती तर कामच थांबले असते! पडत्या हिमात काळी फळी धरायची, त्यावरचे कण भिंगातून न्याहाळायचे, हवा तो कण केरसुणीच्या काडीने उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसाने हलकेच दाबायचा. हे सारे श्वास रोखून, कारण उच्छ्वासाच्या उबेने स्फटिक नाहीसा होई.

निवडलेले आणि वगळलेले

१८९८ साली व्हरमाँट विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या साहाय्याने बेंटलीचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. नंतर अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात तो सातत्याने लिहू लागला. वादळाच्या कोणत्या भागात, किती तापमानाला, कोणत्या आकाराचे स्फटिक पडतात याच्या नोंदी त्यात असत.

पण आक्षेपही आले. जर्मनीतील हवामानतज्ज्ञ गुस्टाव्ह हेलमान यांनी १८९३ साली हिमस्फटिकांवर पुस्तक लिहिले होते. त्यासाठी रिचर्ड नॉयहाउस यांनी काढलेल्या छायाचित्रांतले स्फटिक बेंटलीच्या स्फटिकांइतके रेखीव नव्हते. बेंटलीने चित्रांत ढवळाढवळ केली आहे, असे हेलमान यांचे म्हणणे होते.

या आक्षेपात तथ्य होते का? बेंटली मूळ निगेटिव्हला हात लावीत नसे. तिची दुसरी प्रत करून तिच्यावरचा स्फटिकाभोवतीचा लेप चाकूच्या टोकाने तासन्‌तास खरवडून काढी, म्हणजे छापताना पार्श्वभूमी काळी येऊन स्फटिक उठून दिसे. या कामात स्फटिकाची कडा थोडी बदलली जाण्याचा धोका होताच. खरी मेख मात्र निराळी होती. काळ्या फळीवर पडलेल्या शेकडो कणांतून तो सुंदर आणि सममित तेवढे उचलत असे. तुटके, वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले कण झटकून टाकले जात. प्रत्यक्षात पडणारे बहुतेक हिमकण असेच ओबडधोबड असतात. बेंटलीची छायाचित्रे खोटी नव्हती, पण ती हिमवर्षावाचा नमुनाही नव्हती.

कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात, हे त्याचे विधान जगभर गाजले. त्यालाही मर्यादा आहे. फांद्याफांद्यांच्या गुंतागुंतीच्या स्फटिकांबाबत ते व्यवहारात खरे ठरते. परंतु साध्या स्फटिकांत साम्य आढळते. १९८८ साली नॅन्सी नाइट या संशोधिकेने दिसायला एकसारख्या दोन स्तंभाकार स्फटिकांची नोंद केली.

आकारांचे कोडे सोडवायला स्फटिक मुद्दाम बनवणे भाग होते. जपानमधील होक्काइडो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि हवेतली बाष्पाची अतिसंपृक्तता बदलून त्यांनी दाखवले की शून्याखाली दोन अंशांच्या आसपास चकत्या बनतात, पाच अंशांच्या आसपास सुया व स्तंभ आणि पंधरा अंशांच्या सुमारास, बाष्प भरपूर असेल तर, फांद्यांचे तारे. बर्फातील पाण्याच्या रेणूंची रचना षट्‌कोनी असते, म्हणून फांद्या सहा. कोपरे बाष्पात पुढे घुसलेले असतात, म्हणून तिथली वाढ जलद. एका कणाच्या सहाही फांद्यांना एकाच वेळी जवळपास सारखी परिस्थिती मिळते म्हणून त्या सारख्या दिसतात. दोन कणांचा ढगातला प्रवास निराळा, म्हणून ते निराळे. आकार आणि हवामान यांच्या ज्या संबंधाकडे बेंटलीच्या नोंदी बोट दाखवीत होत्या, तो इथे प्रयोगाने सिद्ध झाला.

नोव्हेंबर १९३१ मध्ये बेंटलीच्या सुमारे २४०० छायाचित्रांचे पुस्तक निघाले. त्याचा मजकूर अमेरिकन हवामान खात्यातील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी लिहिला होता. पुढच्याच महिन्यात हिमवादळातून पायी घरी परतल्यावर बेंटलीला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला.

परातीतला पाऊस

आपल्या शाळांत हिम पडत नाही, पण बेंटलीचा आणखी एक प्रयोग आपल्या पहिल्याच पावसात करता येतो. १८९८ ते १९०४ या काळात त्याने पावसाच्या थेंबांचे आकार मोजले. चाळलेल्या पिठाचा बोटभर थर थाळीत पसरून ती थाळी काही सेकंद पावसात धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. ती वाळली की मोजायची. मोठ्यात मोठे थेंब त्याला सुमारे सहा मिलिमीटर व्यासाचे आढळले. काही पाऊस म्हणजे उंचावर तयार झालेले आणि खाली येताना वितळलेले हिम असावे, असाही तर्क त्याने मांडला होता आणि तो योग्य ठरला.

परात, मैदा, चाळणी आणि पट्टी एवढ्यावर हे काम होते. गोळीचा आकार आणि थेंबाचा आकार यांचे नाते आधी ठरवून घ्यावे. ड्रॉपरच्या वीस थेंबांत एक मिलिलिटर पाणी भरत असेल, तर एका थेंबाचा व्यास सुमारे ४.६ मिलिमीटर येतो. असे थेंब पिठात सोडून त्यांच्या गोळ्या मोजाव्यात. मग वळवाची सर आणि श्रावणातली रिमझिम यांची तुलना मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून करता येईल.

मात्र एक पथ्य पाळावे. मुले हटकून छान, गोल गोळ्या वेचतील. त्यांना परातीच्या एका ठरलेल्या चौकोनातल्या सगळ्या गोळ्या मोजायला सांगावे. चपट्या, बारीक, जोडलेल्या, सगळ्या.