साचा कुणी शिकवला?

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. कामाला लागलो तेव्हा आठ दिवस बिनपगारी उभा होतो. तुटलेला धागा कसा जोडायचा ते शेजारच्या म्हाताऱ्या कामगारानं दाखवलं. मालकाचा एक पैसा गेला नाही. मला वाटलं, रीतच असेल. ही रीत आली कुठून, म्हणून जुनं वाचायला बसलो.

१८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. यंत्रं विलायतेहून पैसे मोजून आणली. माणसाला शिकवायचं कुणी? ते मालकांनी जॉबरवर सोडलं. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस भरायचा. भाऊबंद त्याला शिकवायचे. खात्याचं दार असं जातीच्या हातात गेलं.

विणाईखात्यात मजुरी जास्त. तिथं आपल्याला मज्जाव. का, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे. अस्पृश्याची थुंकी लागली तर साचेवाला बाटणार! म्हणून आपली माणसं रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, विणाईखातं आमच्यासाठी खुलं करा, ही मागणी घाला. कुरकुरत का होईना, ती घातली गेली. मालकांनी हात झटकले. अन्याय असेल, पण तो आमचा नाही म्हणे! मित्रांनो, मेख इथंच आहे. ज्यानं शिकवण्याचा खर्च वाचवला, तो जबाबदारीतूनही सुटला.

बरं, शिकवणं तोट्याचं असतं का? अलीकडं बंगळूरला तयार कपड्यांच्या पाच कारखान्यांत कंपनीच्या खर्चानं बायांना शिकवलं. बोलणं, वेळ सांभाळणं, अडचण सोडवणं. अभ्यासकांनी हिशेब मांडला. उत्पादकता १३.५ टक्के वाढली. प्रशिक्षण संपून आठ महिने झाले तेव्हा कंपनीचा निव्वळ परतावा २५६ टक्के होता. आणि बायांचा पगार वाढला ०.५ टक्का.

म्हणजे आपले सवाल दोन. शिकवलं कुणाला? आणि शिकल्यावर जे वाढलं ते गेलं कुणाच्या घरात? पहिल्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात आपल्या राखीव जागाही आल्या. दुसऱ्यासाठी युनियनशिवाय कोण आहे?

परवा खात्यात नवा पोरगा आला. धागा जोडायला मीच शिकवतोय. पण आधी विचारलं, ‘शिकायच्या दिवसांचा पगार मागितलास का रे?’