वाड्याचे स्वयंपाकघर, आजच्या घरात

१/५
जुन्या वाड्याच्या धर्तीवर स्वयंपाकघर करायचे म्हटले, की शहाबादी फरशी, कोनाडे, फडताळ आणि पितळी भांडी येतात. सोबत पाहुण्यांसाठी मोठे मेजही मांडले जाते. यांतले मेज मात्र वाड्यातले नव्हे. का, ते पाहू.

२/५
पुण्यातील ब्राह्मणी वाड्यांत स्वयंपाकघर सहसा मागच्या अंगाला, पाण्याजवळ असे. मातीच्या चुलीला लागून वैल. चुलीचा जादा जाळ त्याखाली जाई आणि एकाच लाकडावर दोन भांडी शिजत. रांधणे खाली बसून, धुरात.

३/५
ही जागा आडोशाला असण्याचे मोठे कारण सोवळे. सोवळ्यात नसलेल्या घरच्या माणसालाही चुलीपाशी मज्जाव होता, मग परजातीच्या पाहुण्याची काय कथा! पंगत बाहेर बसे. रांधणाऱ्या बायका सर्वांच्या मागून जेवत.

४/५
१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहा-बिस्किटे आली. तेवढ्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. कोणाच्या घरचे, कोणासोबत, हा प्रश्न इतका जड होता.

५/५
तेव्हा नूतनीकरणात निवड करावी. फडताळ, कोनाडे अवश्य घ्यावेत. पितळेत आंबट शिजवायचे तर आधी कल्हई करावी. पाटा-वरवंटा ओट्यावर, कंबरेच्या उंचीला बसवावा. धूर आणि मज्जाव मात्र इतिहासातच राहू द्यावेत. मेज परके असले तरी ठेवावे: त्याभोवती रांधणारी आणि पाहुणा एकाच वेळी जेवू शकतात.