अपघात राज्यात, दर केंद्राचा : कामगार नुकसानभरपाईवर अधिकार कोणाचा?

वेर्णा औद्योगिक वसाहतीत यंत्रात हात सापडलेला कामगार, मुरगाव बंदरात माल चढवताना जखमी झालेला कर्मचारी आणि पर्वरीत परांचीवरून कोसळलेला गवंडी. तिघांचेही अपघात गोव्याच्या भूमीवर घडले, तरी तिघांच्या भरपाईचा मार्ग एकच असेल असे नाही. कोणाचा दावा राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातो, तर कोणाला केंद्रीय महामंडळाकडून पैसे मिळतात. यामागे केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारांची एक जुनी विभागणी आहे. ती ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबे चुकीच्या दारात उभी राहतात.

घटनेतील स्थान

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत २४ व्या नोंदीत कामगार कल्याणाचा विषय येतो. भविष्य निर्वाह निधी, मालकाचे दायित्व, कामगार नुकसानभरपाई, वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आणि प्रसूती लाभ यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच या विषयावर संसद आणि विधानसभा दोघांनाही कायदा करता येतो. मात्र दोन्ही कायद्यांत विसंगती आढळल्यास केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. अनुच्छेद २५४ नुसार राष्ट्रपतींची संमती मिळाली, तरच राज्याची वेगळी तरतूद त्या राज्यापुरती टिकते.

मूळ कायदा मात्र घटनेपेक्षा जुना आहे. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली मृताच्या वारसांना दावा करता येत असे, पण मालकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच होता. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि ही अट गळून पडली. कामामुळे व कामाच्या ओघात अपघात घडला असेल, तर चूक कोणाची हे न पाहता मालक देणे लागतो, हे तत्त्व त्याने रूढ केले. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ असा शब्द आला. पुढे हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. भरपाईचे मूळ सूत्र तिने कायम ठेवले आहे.

दर ठरवणारे केंद्र

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास हेच प्रमाण ६० टक्के असते. मात्र हिशेबासाठी किती वेतन धरायचे, हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. २०१० मध्ये ही मर्यादा ८,००० रुपये होती. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती १५,००० रुपये झाली.

तिशीतील कर्मचाऱ्याचा गुणक २०७.९८ आहे. त्यानुसार १५,००० रुपये वेतनावर त्याच्या वारसांना १५,५९,८५० रुपये मिळतात. तो प्रत्यक्षात ३०,००० रुपये मिळवत असला, तरी रक्कम तेवढीच राहते. जुन्या मर्यादेनुसार हीच भरपाई ८,३१,९२० रुपये झाली असती. म्हणजे केवळ अधिसूचना निघायला जवळजवळ दहा वर्षे लागली, म्हणून त्या काळातील विधवांच्या पदरात निम्मीच रक्कम पडली.

येथे एक विसंगती दिसते. राज्य सरकार किमान वेतन वाढवू शकते, पण भरपाईच्या हिशेबातील वेतनमर्यादा वाढवणे त्याच्या अधिसूचनेच्या कक्षेत येत नाही. जगण्याचा खर्च राज्यागणिक बदलतो, जिवाच्या मोलाची कमाल मर्यादा मात्र देशभर एकच राहते.

निवाडा राज्याच्या हाती

दर केंद्राचा असला, तरी निवाडा करणारा अधिकारी राज्य सरकार नेमते. जुन्या कायद्यात त्याला ‘आयुक्त’ म्हणत. संहितेत तो ‘सक्षम प्राधिकारी’ आहे. खाण सुरक्षेची देखरेख केंद्रीय यंत्रणेकडे आणि कारखान्यांची तपासणी राज्याच्या निरीक्षकांकडे असते. भरपाईचा दावा मात्र, तो डिचोलीच्या खाणीतला असो वा वेर्ण्यातील कारखान्यातला, या कायद्याखाली राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढेच येतो.

म्हणून विलंबाची जबाबदारीही बहुतांशी राज्याची ठरते. २००९ च्या दुरुस्तीने दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा नोंदवली. पण पुरेसे अधिकारी नेमणे आणि त्यांच्याकडे इतर कामांचा भार किती द्यायचा हे ठरवणे राज्याच्याच हाती असते. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात दिला. महिनाभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती.

विम्याचा वेगळा मार्ग

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा योजनेच्या नावातील ‘राज्य’ हा शब्द अनेकांची दिशाभूल करतो. ही योजना केंद्रीय महामंडळ चालवते. तीत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के वर्गणी भरतो. १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. योजनेखालील कर्मचाऱ्याला कामावरील इजेबद्दल मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. एकरकमी रकमेऐवजी त्याला वेतनाच्या सुमारे ९० टक्के हिशेबाने नियतकालिक लाभ मिळतो.

येथेही सत्ता विभागलेली आहे. रोख लाभ महामंडळ देते, तर वैद्यकीय सेवा बहुतेक ठिकाणी राज्य सरकार चालवते आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या खर्चाचा आठवा हिस्सा उचलते. वाद झाल्यास १९४८ च्या अधिनियमानुसार विमा न्यायालय स्थापण्याचा अधिकारही राज्याचाच होता.

अमेरिकेत चित्र याच्या उलट आहे. तेथे खासगी क्षेत्रातील भरपाईचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. संघराज्य सरकार मुख्यतः स्वतःचे कर्मचारी आणि गोदी कामगारांसारख्या काही वर्गांपुरते पाहते. टेक्ससमध्ये तर खासगी मालकाला या विम्यातून बाहेरही राहता येते. एकाच इजेचे मोल सीमेपलीकडे बदलणे हा त्या पद्धतीचा दोष आहे. आपल्याकडे मोल एक आहे, ते हाती पडायला लागणारा काळ मात्र राज्यागणिक वेगळा आहे.

सीमेपलीकडच्या कुटुंबांसाठी

गोव्यात बेळगाव, खानापूर आणि सिंधुदुर्गातून कामाला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो, हा त्यांच्यातील समज चुकीचा आहे. १९९५ च्या दुरुस्तीनंतर जखमी कर्मचारी किंवा मृताचे वारस जेथे राहतात तेथील, अथवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जेथे आहे तेथील अधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. पर्वरीत मरण पावलेल्या गवंड्याची पत्नी खानापुरात राहत असेल, तर तिला दर तारखेला पणजी गाठण्याची सक्ती नाही.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अर्जाची सर्वसाधारण मुदत दोन वर्षे आहे. काम कंत्राटदारामार्फत झालेले असले, तरी ते मूळ मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असल्यास त्याच्याकडूनही भरपाई मागता येते. आणि मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. ठेकेदाराने तेराव्याला घरी आणून दिलेल्या पाकिटाने, थोड्या आगाऊ रकमेपलीकडे, मालकाचे कायदेशीर देणे फिटत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी घरातील कोणीतरी हे सांगणारे असायला हवे.