ऊष्मे आणि आपली शीव

जीभ दातांजवळ किंवा टाळूजवळ नेऊन श्वास घासत सोडला की श, ष, स उमटतात. प्रातिशाख्यकारांनी ‘ह’सह या वर्णांना ‘ऊष्म’ म्हटले. ऊष्मा म्हणजे ऊब, वाफ. महाराष्ट्री प्राकृतात तिन्हींचा ‘स’च झाला, म्हणून ‘शश’चा ससा, ‘षष्टि’चे साठ. पुढे मराठीने इकारापूर्वीच्या ‘स’चा ‘श’ केला. सीमेची शीव झाली, ‘सीव्’ धातूचे शिवणे. हिंदी मात्र सीना, सीखना, सींग म्हणत राहिली.

इंदुरात आमच्या पिढ्या गेल्या. नातवंडे आता ‘सिकतो’ म्हणतात. आम्ही रागावत नाही. गणपतीत अथर्वशीर्षाला शेजारी बसवतो आणि ‘शिकतो’ म्हणवून घेतो. शेकडो वर्षांची ही सवय आमच्या हातून सुटू नये, एवढेच.